आवाज मोठा असू द्या, पण शब्द कोणाचे ते सांगा

दरवर्षी मार्च संपत आला की आपल्या वस्त्यांमध्ये एकच वाद सुरू होतो. चौदा एप्रिलला डीजे लावायचा की नाही? एक बाजू म्हणते, बाबासाहेबांची जयंती म्हणजे वैचारिक कार्यक्रम, व्याख्यान, ग्रंथप्रदर्शन. डीजे म्हणजे चळवळीचं अधःपतन. दुसरी बाजू म्हणते, तुमची व्याख्यानं ऐकायला समोर वीस माणसं असतात आणि मिरवणुकीत सगळं गाव असतं. वर्षभर मान खाली घालून राबणारा पोरगा एक दिवस मोठ्यानं नाचला तर तुमच्या पोटात का दुखतं?

धरणगावात काम करताना आम्ही दोन्ही बाजूंच्या लोकांबरोबर बसलो आहोत. आमचं मत असं की हा वाद आवाजाच्या उंचीवर अडकला आहे आणि त्यामुळे खरा प्रश्न नजरेआड जातो. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही कायद्याची मर्यादा सगळ्यांनाच लागू आहे. ती गणपतीला, उरुसाला, लग्नाच्या वरातीला आणि जयंतीलाही लागू आहे. कायद्याची आठवण फक्त निळा झेंडा दिसल्यावर ज्यांना होते, त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. त्या भिंतीएवढ्या स्पीकरमधून जे गाणं वाजतं, ते लिहिलं कोणी?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना आम्हाला फार लांबचं, ब्राझीलचं उदाहरण कामाला आलं. काहींना हे विचित्र वाटेल. पण बाहेरच्या जगाकडे बघणं ही आपल्या चळवळीची जुनी सवय आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. त्या वर्षी ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायदेशीर होती! तिथं ती संपली १३ मे १८८८ रोजी, अमेरिका खंडांतल्या सगळ्या देशांत शेवटी. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहून निग्रोंच्या प्रश्नाची आणि अस्पृश्यांच्या प्रश्नाची सांगड घातली. १९७२ साली मुंबईतल्या पोरांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून दलित पँथर हे नाव घेतलं. तेव्हा आम्ही साओ पाउलोच्या एका बँडची गोष्ट सांगितली तर बिघडणार काही नाही.

बँडचं नाव राटोस द पोराँव. पोर्तुगीज भाषेतलं नाव आहे, तीच भाषा जी गोव्यात १९६१ पर्यंत राज्यकर्त्यांची होती. अर्थ होतो 'तळघरातले उंदीर'. १९८१ साली साओ पाउलोत हा बँड सुरू झाला, तेव्हा ब्राझीलमध्ये लष्करशाही होती. ती १९६४ ला आली आणि १९८५ ला गेली. या पोरांनी जे संगीत निवडलं त्याला हार्डकोर पंक म्हणतात. गाणी दीड-दोन मिनिटांची, गिटार खरखरीत, गळा फाडून ओरडणं, आणि शब्द पोलिसांबद्दल, भुकेबद्दल, बेकारीबद्दल. १९८४ साली त्यांची पहिली मोठी तबकडी आली. तिच्या नावाचा अर्थ 'व्यवस्थेनं क्रुसावर चढवलेले'. लष्करी सरकार अजून खुर्चीवर होतं तेव्हाची ही गोष्ट. गायकाचं टोपणनाव जुआँव गोर्दू, म्हणजे जाड्या जुआँव. हिणवण्याचा शब्द त्यानं बिरुदासारखा मिरवला. 'दलित' या शब्दाचं आपल्या साहित्यिकांनी काय केलं हे माहीत असणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

आता मुद्द्याचं. त्या काळात साओ पाउलोमध्ये पंक ऐकणारे आणि मेटल ऐकणारे एकमेकांचे वैरी होते. मेटल म्हणजे जड गिटारचं, तालमीनं घोटलेलं, वेगवान संगीत. त्यातल्या एका वेगवान प्रकाराला थ्रॅश म्हणतात. पंकवाले म्हणायचे, मेटलवाल्यांना राजकारण कळत नाही, नुसती राक्षसांची चित्रं काढतात. मेटलवाले म्हणायचे, पंकवाल्यांना वाजवता येत नाही. दोन्ही आरोपांत थोडं तथ्य होतं. राटोस द पोराँवनं दोन्हींचं मिश्रण केलं. शब्द आणि राग पंकचा, हत्यार थ्रॅशचं. अशा मिश्रणाला 'क्रॉसओव्हर' म्हणतात. हे नाव डी. आर. आय. या अमेरिकन बँडच्या १९८७ च्या अल्बममुळे पक्कं झालं. पंकवाल्यांनी राटोसवर गद्दारीचा शिक्का मारला.

आणि मग १९८९ साली आला 'ब्राझील' नावाचा अल्बम. रेकॉर्डिंग बर्लिनमध्ये हॅरिस जॉन्स या ध्वनिमुद्रकाकडे झालं. पोर्तुगीज आणि इंग्रजी अशा दोन भाषांत तो निघाला. म्हणजे घरच्यांसाठी घरची भाषा आणि जगासाठी जगाची. पहिलंच गाणं अमेझॉनच्या जंगलतोडीवर. जंगल वाचवण्यासाठी लढणारा रबर कामगारांचा नेता शिको मेंडेस याची हत्या २२ डिसेंबर १९८८ रोजी झाली होती. पुढची गाणी दिवाळखोर देशावर, लष्करी यंत्रावर, सरकारच्या फसलेल्या आर्थिक योजनेवर. एका गाण्याच्या नावाचा अर्थ 'राष्ट्रवादाचं सोंग', दुसऱ्याचा 'गद्दार', आणखी एकाचा 'कार्निव्हलचा देश'. ही नावं मुद्दाम सांगतो आहोत. ज्या वर्षी ब्राझीलमध्ये जवळपास तीस वर्षांनी थेट मतदानानं राष्ट्राध्यक्ष निवडला जात होता, सगळीकडे लोकशाहीचे ढोल वाजत होते, त्या वर्षी या पोरांनी देशाचंच नाव अल्बमला देऊन आतमध्ये देशाचा पंचनामा लिहून ठेवला. नवी राज्यघटना जेमतेम एक वर्षाची होती. घटना चांगली आहे, पण ज्या समाजात ती उतरायची तो समाज कसा आहे, हा बाबासाहेबांनी संविधान सभेत विचारलेला प्रश्न आपल्याला पाठ आहे. तिथं तो गिटारवर विचारला गेला.

आम्ही या अल्बमची पूजा करत नाही. ब्राझीलमध्ये निम्म्याहून अधिक लोक स्वतःला काळे किंवा मिश्रवर्णी म्हणवतात, आणि त्यांचा रोजचा अनुभव या तबकडीत जेवढा यायला हवा तेवढा आलेला नाही. तो पुढे त्याच शहरातल्या रॅपमध्ये आला. रासिओनाइस एम. सीज या काळ्या तरुणांच्या गटाचा १९९७ चा अल्बम बघा. नावाचा अर्थ 'नरकात तग धरून'. त्यांनी तो स्वतःच्या कंपनीमार्फत काढला आणि त्याच्या दहा लाखांहून जास्त प्रती गेल्या. १९९२ साली कारांदिरू तुरुंगात पोलिसांनी १११ कैदी मारले, त्याची कहाणी त्यात एका कैद्याच्या डायरीसारखी सांगितली आहे. आणि पुढे काय झालं? ब्राझीलमधल्या उनिकांप या नामवंत विद्यापीठानं २०२० च्या प्रवेशपरीक्षेसाठी जी पुस्तकं वाचणं सक्तीचं केलं त्यांत हा अल्बम ठेवला. झोपडपट्टीतलं गाणं अभ्यासक्रमात! तिथल्या पोराला डॉक्टर व्हायचं असलं तरी आधी त्या ओळी वाचाव्या लागल्या.

राटोस द पोराँवचा ठसा वेगळ्या वाटेनं टिकला. बेलो होरिझोंची शहरातला सेपुल्तुरा हा बँड पुढे जगभर गाजला. त्यांनी राटोसच्या १९८४ च्या तबकडीचं शीर्षकगीत स्वतः वाजवून रेकॉर्ड केलं. १९९६ साली सेपुल्तुरानं शावांते या आदिवासींबरोबर बसून त्यांचे स्वर आपल्या अल्बममध्ये घेतले. आणि राटोस थांबले नाहीत. २०२२ साली त्यांनी नवा अल्बम काढला, कोणाला जगू द्यायचं आणि कोणाला मरू द्यायचं हे ठरवणाऱ्या सत्तेच्या राजकारणावर. चाळीस वर्षांत सरकारं बदलली, वादक बदलले. पण कोणतं गाणं कोणत्या वर्षीचं, कोणी लिहिलं, कोणी वाजवलं, कुठं रेकॉर्ड झालं, हे आजही धरणगावात बसून सांगता येतं. का? कारण ते तबकडीच्या वेष्टनावर छापलेलं आहे. असल्या संगीतात ओरडणं इतकं असतं की ऐकून शब्द कळत नाहीत, म्हणून शब्दांचा कागद सोबत देण्याचा रिवाज पडला. आवाज आपल्या कुठल्याही डीजेला लाजवेल असा, पण शब्द हरवले नाहीत.

आता आपल्याकडे या.

क्रॉसओव्हर हा प्रकार आपल्याला नवा नाही. उलट आपली सगळी गाण्याची परंपराच त्यावर उभी आहे. तमाशाचा जुना साचा घ्या. आधी गण, मग गवळण, बतावणी, शेवटी वग. सत्यशोधकांनी हाच साचा उचलला आणि त्यातला भटशाहीचा मजकूर काढून टाकला. आंबेडकरी जलसाकारांनी त्याच्यापुढची पायरी गाठली. गणपतीच्या गणाच्या जागी समाजाच्या मुक्तिदात्याला वंदन आलं, कृष्ण आणि गवळणींची थट्टा गेली, वगात सावकार, तलाठी, पाटील आणि पाणवठा आला. ढोलकी तीच, डफ तोच, तुणतुणंही तेच. नाशिक जिल्ह्यातल्या भीमराव कर्डकांचा जलसा १९३० नंतरच्या काळात गावोगाव फिरला. आपल्या दहा सभांचं काम कर्डकांचा एक जलसा करतो असं बाबासाहेब म्हणाल्याची आठवण जलसाकार सांगत आले आहेत. त्या वेळीही नाक मुरडणारे होतेच. तमाशा म्हणजे बाई नाचवणं, ते आपल्याला कशाला, असं म्हणणारे. त्यांचं म्हणणं अगदी खोटंही नव्हतं. कारण वाजवणं आणि नाचणं हे आपल्या लोकांवर जातीनं लादलेलं काम होतं. दुसऱ्याच्या लग्नात, दुसऱ्याच्या जत्रेत, दुसऱ्याच्या प्रेतापुढे वाजवायचं आणि उरलंसुरलं घेऊन यायचं. मेलेली ढोरं ओढणं सोडलं तसं असलं वाजवणंही अनेकांनी सोडलं. धर्मांतरानंतर कित्येक घरांत वाद्यं खुंटीवर गेली ती कायमची. तेव्हा 'कोणतं वाद्य आपलं?' हा प्रश्न डीजेबरोबर आला असं समजू नका. तो त्याच्या आधी कितीतरी वर्षांपासून आहे, आणि जलसाकारांनी त्याला दिलेलं उत्तर आम्हाला पटतं. वाद्याला जात नसते. ते कोणाच्या हुकमानं वाजतं आणि काय बोलतं, एवढंच बघायचं.

भीमराव कर्डकांनी एक काम आणखी केलं. त्यांनी 'आंबेडकरी जलसे' या पुस्तकात जलशांची हकिकत लिहून ठेवली. किती जलसे झाले, त्यांत काय असायचं, कोण कोण होतं. हे पुस्तक नसतं तर त्या पिढीतली निम्मी नावं आज आपल्याला सांगता आली नसती. संशोधक आजही त्याच पुस्तकाकडे जातात.

नंतरचं मोठं नाव वामनदादा कर्डक. आडनाव सारखं म्हणून नव्या मुलांचा घोटाळा होतो. हे दोघं वेगळे. वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. शाळा नशिबी नव्हती, अक्षरं मोठेपणी शिकले. आणि लिहिलं किती? हजारोंनी. पोवाडा, लावणीची चाल, कव्वाली, सिनेमाची धून, जे कानावर पडलं त्यात त्यांनी भीमाचा विचार ओतला. सिनेमाच्या चालीवर भीमगीत लिहिलं म्हणून त्यांनाही नावं ठेवली गेली. पण ज्या बाईनं उभ्या आयुष्यात पुस्तक हातात धरलं नाही तिला पुणे कराराचं दुःख आणि चवदार तळ्याचा अर्थ कोणी समजावला? वामनदादांनीच. 'वाटचाल' आणि 'मोहळ' हे त्यांचे संग्रह छापले गेले, तरी जेवढं छापलं त्यापेक्षा कितीतरी जास्त वाऱ्यावर गेलं. १५ मे २००४ रोजी ते गेले.

आता एक बारीक गोष्ट, पण आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची. आपल्या शाहिरांची रीत अशी की शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफायचं. तुकोबांच्या अभंगात नाव येतं तसंच. वामनदादांच्या गाण्यात शेवटी 'वामन' येतो. ही नाममुद्रा म्हणजे गरीब माणसाचा कॉपीराइट. छापखाना नाही, कंपनी नाही, वकील नाही. मग नाव गाण्याच्या पोटातच ठेवून द्यायचं, म्हणजे गाणं जिथं जाईल तिथं नाव जाईल. ही युक्ती शेकडो वर्षं चालली.

ती कशी मोडली, ते टप्प्याटप्प्यानं बघण्यासारखं आहे. ऐंशीच्या दशकात कॅसेट आली. कॅसेटनं भीमगीत घराघरांत नेलं, हे तिचं ऋण. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप अशा गायकांचा आवाज ज्या वस्तीत रस्ता नव्हता तिथं पोचला. १९९० ला बाबासाहेबांना भारतरत्न, त्याच सुमारास जन्मशताब्दी, बौद्धांना सवलती, १४ जानेवारी १९९४ ला नामांतर. या पाच-सात वर्षांत आपल्याकडे गाण्यांचा पूर आला. म्हणजे ब्राझीलमध्ये 'ब्राझील' निघाला साधारण त्याच काळात. पण गीतकाराचं नाव कॅसेटच्या आत दुमडलेल्या कागदावर बारीक अक्षरात, आणि गायकाचा फोटो मोठा. एका कॅसेटवरून दुसरी कॅसेट भरली की कागद गेला. मग एमपीथ्री सीडी आली, एकीत शंभर-दीडशे गाणी. मग मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळायला लागलं आणि गाण्याचं नाव झालं 'ट्रॅक सात'. तरीसुद्धा शेवटच्या कडव्यात नाव शिल्लक होतं. डीजेच्या रिमिक्सनं तेही कापलं. मुखडा घ्यायचा, पहिलं कडवं घ्यायचं, पुन्हा मुखडा आणि मग नुसता ठोका. शेवटचं कडवं येतच नाही. वर त्या रिमिक्समध्ये डीजेचं नाव तीन-चार वेळा घुमवून सांगतात! ज्यानं शब्द लिहिले त्याचं नाव गायब आणि ज्यानं बटण फिरवलं त्याचं नाव गावभर.

आम्ही आमच्या अभ्यासवर्गात मुलांना विचारलं, 'दोनच राजे' कोणी लिहिलं? एकानं गायकाचं नाव घेतलं. एकानं डीजेचं घेतलं. दोघं-तिघं म्हणाले, ते तर जुनंच आहे, लोकगीत आहे.

ते लोकगीत नाही. ते प्रतापसिंग बोदडे यांनी लिहिलं, आणि प्रतापसिंग बोदडे आपल्या जळगाव जिल्ह्यातले, मुक्ताईनगरचे. वामनदादांचे शिष्य. रायगड आणि चवदार तळं, शिवराय आणि भीमराय एका गाण्यात बांधण्याचं काम या माणसानं केलं. 'भीमराज की बेटी' हेही त्यांचंच. ते हिंदीत असल्यामुळे महाराष्ट्राबाहेरही पोरी त्यावर छाती काढून नाचतात. डिसेंबर २०२२ मध्ये ते वारले. आपल्या जिल्ह्यातल्या किती मंडळांनी पुढच्या जयंतीच्या बॅनरवर त्यांचा फोटो लावला, ते ज्यानं त्यानं आठवून बघावं. गाणं मात्र प्रत्येक मंडळानं वाजवलं.

यावर कोणी म्हणेल, गाणं लोकांचं झालं यातच कवीचं यश आहे, नाव कशाला हवं? हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे, पण तो नेहमी आपल्याच लोकांना सांगितला जातो. आमच्या धरणगावात १८९० साली बालकवी ठोंबरे जन्मले. त्यांच्या निसर्गकविता शाळेत आम्हीही पाठ केल्या, आणि त्या चांगल्याच आहेत. त्यांचं नाव पुसून 'लोककविता' असं छापा म्हणून कोणी म्हणाल्याचं आम्ही ऐकलं नाही. आसोद्याच्या बहिणाबाईंचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. निरक्षर शेतकरी बाई, जात्यावर आणि शेतात गाणारी. १९५१ च्या डिसेंबरात त्या वारल्या. मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता. घरच्यांनी ती गाणी कागदावर उतरवून ठेवली होती म्हणून अत्र्यांना दाखवता आली, १९५२ ला पुस्तक आलं आणि आज आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. आम्हाला याचा आनंदच आहे. प्रश्न एवढाच की त्याच काळात त्याच तापी-गिरणेच्या खोऱ्यात, गावाच्या दुसऱ्या टोकाला, महारवाड्यातल्या जात्यावर ज्या बाया गात होत्या त्यांचं कोणी लिहून घेतलं? त्यांना सोपानदेव मिळाला नाही. २९ मे १९२९ ला जळगावच्या परिषदेत धर्म बदलण्याची भाषा झाली. बाबासाहेब ३१ जुलै १९३७ ला कोर्टाच्या कामानं धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात राहिले. त्या दिवसांवर खान्देशात अहिराणीतून गाणी झाली नसतील, असं मानायला आम्ही तयार नाही. आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या अजून काही ओळी गुणगुणतात. पुढची ओळ विचारली की म्हणतात, माय म्हणायची, आता आठवत नाही.

शब्दांना किंमत आहे की नाही, हे आपल्या विरोधकांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. मे २०१५ मध्ये शिर्डीत सागर शेजवळ या तरुणाचा खून झाला. त्याच्या मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, यावरून वाद झाल्याचं तक्रारीत होतं. मोबाइलचा आवाज किती डेसिबल असतो हो? मिरवणूक नव्हती, डीजे नव्हता. जे खटकलं ते आवाजानं खटकलं नव्हतं. त्या गाण्यात जे म्हटलं होतं ते खटकलं होतं. आणि आपण मात्र आवाज वाढवत जातो आणि शब्द कमी करत जातो.

विलास घोगरेंची आठवणही इथं काढली पाहिजे, कारण क्रॉसओव्हरची सगळ्यात मोठी किंमत आपल्याकडे त्यांनी मोजली. लाल झेंड्याच्या आव्हान नाट्य मंचावर गाणारा हा शाहीर. जन्मानं दलित, वस्तीनं मुंबईच्या झोपडपट्टीतला. लालवाल्यांना तो पुरता लाल वाटला नाही, निळ्यांना पुरता निळा वाटला नाही. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं मेली. घोगरे तिथं जाऊन आले आणि १५ जुलैला त्यांनी गळफास घेतला. डोक्याला निळी पट्टी बांधलेली होती. पंक आणि मेटलच्या पोरांचं भांडण दारूच्या गुत्त्याबाहेरच्या हाणामारीवर भागलं. आपल्याकडे दोन झेंड्यांमध्ये उभा राहिलेला माणूस असा गेला. त्यांचा आवाज आज आपल्यापाशी आहे तो आनंद पटवर्धनांच्या कॅमेऱ्यामुळे. १९८५ च्या 'हमारा शहर' या माहितीपटात ते गाताना दिसतात, आणि २०११ च्या 'जय भीम कॉम्रेड'ची सुरुवातच त्यांच्या मरणापासून होते. कॅमेरा नसता तर? मंचानं त्यांची किती गाणी जपली असती, याबद्दल आम्हाला शंका आहे.

निराशच व्हावं अशी परिस्थिती नाही. चेन्नईत पा. रंजित आणि टेनमा यांनी २०१७ च्या अखेरीस 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' उभं केलं. मरणाघरी आणि चाळीत गायला जाणारा 'गाना' हा प्रकार, रॅप आणि रॉक त्यांनी एका मंचावर आणले आणि बाबासाहेबांचं नाव घेऊन गायले. मुंबईत 'स्वदेसी'च्या पोरांनी २०१९ मध्ये आरे जंगलातल्या आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन वारली उठावावरचं गाणं केलं. बुलडोझर जंगलात शिरतो तेव्हा आरे काय आणि अमेझॉन काय. या दोन्ही गटांचा आवाज मोठा आहे, ठेका नवा आहे, आणि प्रत्येक गाण्याखाली कोणी लिहिलं, कोणी गायलं, कोणी वाजवलं ते लिहिलेलं आहे. आपल्याकडे यूट्यूबवर अहिराणी गाण्यांचा बाजार जोरात आहे. लग्नाच्या गाण्यांना लाखोंनी लोक बघतात. खान्देशातल्या त्याच स्टुडिओत, त्याच वादकांना घेऊन, अहिराणीत भीमगीत का होऊ नये? मुलांना गिटार घ्यायची तर घेऊ द्या, ड्रम घ्यायचे तर घेऊ द्या. ज्यांना वाटतं की हे आपलं नाही, त्यांनी हार्मोनियम युरोपातून आली हे लक्षात घ्यावं.

डीजे लावणाऱ्या मंडळांना आमचं मागणं साधं आहे, आणि त्याला वर्गणी लागत नाही. रिमिक्स करताना शेवटचं कडवं कापू नका. गाणं सुरू होण्याआधी माइकवर एकदा कवीचं नाव घ्या. डीजेवाला स्वतःचं नाव तीनदा घेतो, त्यात एकदा प्रतापसिंग बोदडे म्हणायला किती सेकंद लागतात? बॅनरवर नेत्यांचे आणि इच्छुकांचे जे वीस फोटो असतात त्यांतला एक कमी करून एका शाहिराचा लावा. आणि जे व्याख्यानवाले डीजेच्या नावानं बोटं मोडतात त्यांना विचारतो, गेल्या दहा वर्षांत तुम्ही वामनदादांच्या एका गाण्यावर व्याख्यान ठेवलं का? पोरांना विचार नको आहे असं म्हणण्याआधी, विचार ज्या रूपात त्यांच्या कानावर रोज पडतो त्या रूपाचा तुम्ही कधी अभ्यास केला का?

आम्ही आमच्यापुरती एक वही घातली आहे. वस्तीतल्या आणि आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्या माणसांकडून गाणी लिहून घ्यायची, मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करायचा, गाणाऱ्याचं नाव, गाव, कोणाकडून ऐकलं, साधारण कोणत्या साली, हे त्याच पानावर नोंदवायचं. ३१ जुलैला लळिंगला भीमस्मृती यात्रा भरते तेव्हा धुळे, जळगाव, नंदुरबारकडचे गाणारे एका जागी भेटतात; तिथं वही घेऊन बसायचं आहे. आतापर्यंतच्या पानांत अहिराणीतला एक पाळणा आहे. बाळ भीमाचा. एरंडोलकडून लग्न होऊन आलेल्या एका आजींनी सांगितला, त्यांच्या आत्यानं त्यांना शिकवला होता. तीन कडवी मिळाली. चौथं, ज्यात बहुधा रचणाऱ्याचं नाव असावं, ते आजींना आठवत नाही. तुमच्या घरात कोणी हा पाळणा म्हणत असेल तर त्यांना शेवटचं कडवं म्हणायला सांगा, जसं म्हणतील तसं लिहून घ्या आणि आमच्यापर्यंत पोचवा.

जयभीम.